सत्तर टक्क्यांची वीट आणि फॉस्फोरिक आम्ल

2017 च्या दिवाळीत जालन्यातील एका रोलिंग मिलची बिलेट, म्हणजे पोलादाचे लांब ठोकळे, तापवण्याची भट्टी वार्षिक दुरुस्तीसाठी थंड केली, तेव्हा बर्नरच्या बाजूच्या भिंतीतून एक वीट मी स्वतः छिन्नी-हातोड्याने सोडवून काढली. वीट आमच्याच कारखान्याची होती. सत्तर टक्के अ‍ॅल्युमिनाची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडची, 230 × 115 × 75 मिलिमीटर मापाची, आणि आमच्या चाचणी-पत्रकानुसार 1800 अंश सेल्सियसपर्यंत न वाकणारी. भट्टीतले तापमान ज्वाळेच्या तोंडाशीसुद्धा 1350 अंशांच्या पुढे क्वचितच जात असे. तरीही अकरा महिन्यांत ती भिंत पोट सुटल्यासारखी आत झुकली होती, विटांमधल्या सांध्यांत बोट जाईल एवढ्या फटी पडल्या होत्या आणि आगीकडच्या तोंडावर काळपट, काचेसारखा चकचकीत थर बसला होता. मिलचे देखभाल प्रमुख माझ्या शेजारी उभे होते. ते म्हणाले, "तुमची वीट अठराशेची आहे म्हणता, मग साडेतेराशेला ती मेणासारखी का बसली?" या प्रश्नाला मला तिथे उत्तर देता आले नाही, आणि पुढचे जवळजवळ वर्षभर मी जे काम केले ते या एकाच प्रश्नापायी केले.

विदर्भात, भंडारा जिल्ह्याच्या हद्दीला लागून असलेल्या आमच्या छोट्या कारखान्यात परतल्यावर पहिले काम केले ते वीट उभी कापण्याचे. हिऱ्याच्या पात्याने कापलेल्या विटेचा छेद पाण्याने धुऊन उन्हात धरला की तिची सगळी कहाणी डोळ्यांना दिसते. आगीकडून पहिले साधारण चाळीस मिलिमीटर काळसर झाले होते. त्यामागे पिवळट पट्टा होता आणि त्याच्याही मागे विटेचा मूळ रंग. मी भिंग लावून पाहिले, तेव्हा एक गोष्ट इतकी स्पष्ट दिसली की ती आधी का लक्षात आली नाही याचेच वाईट वाटले. काळ्या थरातही बॉक्साइटचे, म्हणजे विटेला अ‍ॅल्युमिना पुरवणाऱ्या खनिजाचे, मोठे दाणे, तीन-चार मिलिमीटरचे, जसेच्या तसे होते. त्यांच्या कडासुद्धा बोथट झाल्या नव्हत्या. बिघडले होते ते दाण्यांच्या मधले पीठ. त्याची काच झाली होती, आणि त्या काचेत दाणे चिक्कीतल्या शेंगदाण्यांसारखे रुतून बसले होते. चिक्की गरम असताना शेंगदाणे कितीही टणक असले तरी वडी हातात वाकतेच.

इथे चाचण्यांविषयी थोडे सांगायला हवे, कारण गैरसमजाचे मूळ तिथेच होते. विटेची उष्णतासहता मोजण्याची जुनी पद्धत शंकूची आहे. विटेची पूड करून तिचा छोटा त्रिकोणी शंकू बनवतात, प्रमाणित शंकूंच्या शेजारी तो तापवतात आणि तो कोणत्या शंकूबरोबर मान टाकतो ते पाहतात. या चाचणीत शंकूवर स्वतःच्या वजनाखेरीज कोणताही भार नसतो. भाराखालची चाचणी वेगळी असते. आयएस 1528 या मानकमालिकेत दोन्ही चाचण्या आहेत. भाराखालच्या चाचणीत विटेतून 50 मिलिमीटर व्यासाचा आणि तेवढ्याच उंचीचा दंडगोल कापून त्याच्यावर दर चौरस सेंटिमीटरला दोन किलो, म्हणजे एकूण जवळजवळ चाळीस किलोंचा भार ठेवून तापमान चढवत नेतात, आणि दंडगोल उंचीच्या 0.6 टक्के खचला की ते तापमान टिपून घेतात. आमच्या विटेचा शंकू 1800 च्या पुढे टिकत होता. भाराखाली मात्र ती 1410 अंशांना खचू लागली. शिवाय चाचणी काही तासांत संपते, भट्टी अकरा महिने चालते, आणि अकरा महिन्यांत मऊ पडलेले पीठ इतके सावकाश सरकते की रोज पाहणाऱ्याला ते कळतही नाही.

पीठ मऊ का पडले, हे रसायनशास्त्र नेमके सांगते. निव्वळ अ‍ॅल्युमिना आणि सिलिका एकत्र असतील तर 1590 अंशांच्या आसपास पहिला द्रव तयार होतो; त्याच्या खाली सगळे घन राहते. त्याच मिश्रणात पोटॅश शिरले की पहिला द्रव सुमारे 985 अंशांनाच उतरतो, आणि सोडा शिरला तर सुमारे 1050 ला. म्हणजे पोटॅश-सोड्यासारखी अल्कली अर्धा-एक टक्का असली तरी ती विटेच्या पिठात पाचशे अंश आधी काचेचा पाझर फोडते. बॉक्साइटमधले लोह, चुना आणि टायटॅनियम यांचीही त्याला साथ मिळते, आणि गुजरातच्या भाजलेल्या बॉक्साइटमध्ये लोह व चुना थोडा अधिक असतोच. या भट्टीत दळलेला कोळसा जळत होता. कोळशाच्या राखेतली आणि धुरातली अल्कली विटेच्या छिद्रांतून आत शिरत होती, हे उघडच होते. परंतु मला अधिक बोचले ते दुसरेच. आमच्या कृतीत शेकडा पंधरा भाग साधी चिकणमाती होती, आणि कच्ची वीट साच्यातून काढताना कोपरे तुटू नयेत म्हणून कित्येक वर्षांपासून थोडे सोडियम सिलिकेट, ज्यात सोडाच असतो, घालण्याची प्रथा होती. बाहेरून येणाऱ्या शत्रूसाठी दार आम्ही स्वतःच आतून उघडून ठेवले होते.

म्हणून मी ठरवले ते असे. सोडियम सिलिकेट पूर्णपणे बंद करायचे, चिकणमाती एक तृतीयांशावर आणायची, आणि या दोहोंचे बांधून ठेवण्याचे काम फॉस्फोरिक आम्लाकडे द्यायचे. माती कमी केल्यामुळे पिठात जी जागा रिकामी होईल ती अतिशय बारीक भाजलेल्या अ‍ॅल्युमिनाने आणि कायनाइट या खनिजाने भरायची. फॉस्फोरिक आम्ल बारीक अ‍ॅल्युमिनाशी व मातीशी संयोग पावून अ‍ॅल्युमिनियम फॉस्फेटचा चिकट रस तयार करते. तापवत गेले की तो रस कडक होतो, आणि पाण्याचा अंश निघून गेल्यावर उरते ते अ‍ॅल्युमिनियम ऑर्थोफॉस्फेट. या पदार्थाची घडण सिलिकासारखीच असते, क्वार्ट्झ, ट्रिडिमाइट आणि क्रिस्टोबॅलाइट या सिलिकाच्या तिन्ही रूपांची जुळी भावंडे त्याच्यात आढळतात, आणि आमच्या भट्टीच्या तापमानाला तो वितळत नाही. बांधणाराच स्वतः वितळवणारा नसावा, एवढीच माझी अपेक्षा होती, आणि सोडियम सिलिकेटला ती कधीच पुरी करता आली नसती.

पहिली बॅच 2018 च्या फेब्रुवारीत घातली. बाजारात मिळणारे 85 टक्क्यांचे आम्ल पाण्यात ओतून 60 टक्क्यांपर्यंत सौम्य केले. पाण्यात आम्ल ओतायचे, आम्लात पाणी कधीच नाही, हा नियम मी मिक्सरजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतला, आणि रबरी हातमोजे व चष्मा घातल्याशिवाय पिंपाजवळ कोणी जायचे नाही असे बजावले. शंभर किलो मालाला सहा किलो सौम्य आम्ल, म्हणजे विटेत सुमारे अडीच टक्के फॉस्फरस पेंटॉक्साइड. माल मिक्सरमधून उत्तम निघाला. मुठीत दाबला की गोळा होत होता आणि अंगठ्याने रेटला की स्वच्छ दोन तुकडे होत होते. प्रेसवर त्याच दुपारी पन्नास विटा काढल्या, इतक्या धारदार कोपऱ्यांच्या की आम्ही सगळे खूश झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अजून गाडी लावत होतो तोच प्रेसवरचे काका समोरून आले. बत्तीस वर्षे स्क्रू प्रेस चालवलेला माणूस. माल हातात घेऊन त्यातले पाणी किती हे सांगणारा. म्हणाले, "साहेब, माल फुगून राहिला." वाळवणीच्या गाडीवर पन्नासच्या पन्नास विटा तव्यावरच्या भाकरीसारख्या फुगल्या होत्या. वरचा पापुद्रा उचलला गेला होता, बाजूंना आडव्या चिरा गेल्या होत्या, आणि कान जवळ नेला तर आतून अगदी बारीक चुरचुर ऐकू येत होती. मिक्सरमध्ये राहिलेल्या मालाचेही तसेच. तो पाव फुगावा तसा वर आला होता.

"काका, पाणी जास्त झालं का?" मी विचारले.

"पाणी न्हाई साहेब. हे हवा आहे. आतून हवा येऊन राहिली."

काकांचे म्हणणे खरे होते, फक्त ती हवा नव्हती, हायड्रोजन होता. बॉक्साइट जबड्याच्या क्रशरमध्ये फुटते, बॉल मिलमध्ये पोलादी गोळ्यांखाली दळले जाते, आणि प्रत्येक पायरीवर लोखंडाचा बारीक कीस त्यात मिसळत जातो. डोळ्यांना तो दिसत नाही. सोडियम सिलिकेटला त्याचे सोयरसुतक नव्हते, आम्लाला होते. लोह आणि आम्ल भेटले की हायड्रोजन सुटणारच, आणि वीट दाबून घट्ट केल्यानंतर त्याला बाहेर पडायला वाट न मिळाल्यामुळे तो वीट फोडूनच निघणार. मी एक चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दळलेल्या पिठात फिरवला, तेव्हा त्याच्यावर काळ्या केसांची दाढी उगवावी तसा कीस चिकटला. इतकी वर्षे हेच पीठ आम्ही 'स्वच्छ' म्हणून वापरत होतो.

त्यावर दोन उपाय केले. दळलेला माल चुंबकी रोलरवरून घसरत खाली पडेल अशी व्यवस्था केली, आणि मिसळणे एकदम न करता दोन टप्प्यांत विभागले. आधी दाणे आणि निम्मे आम्ल मिसळून माल ढिगात ठेवायचा, वर ओलसर गोणपाट घालायचे, आणि चोवीस तास त्याला हात लावायचा नाही. उरलेल्या लोखंडाला जो काही वायू सोडायचा आहे तो त्याने या मोकळ्या ढिगात सोडावा. दुसऱ्या दिवशी त्यात बारीक पीठ आणि उरलेले आम्ल घालून पुन्हा मिसळायचे आणि मग प्रेसवर न्यायचे. हायड्रोजन पेट घेतो, म्हणून ढिगाची जागा उघड्या शेडमध्ये ठेवली आणि तिथे विडी-काडी सक्त बंद केली. एक दिवसाचा उशीर होतो याबद्दल विक्री विभागाची कुरकुर पुढे अनेक महिने चालली. पण या चोवीस तासांना पर्याय नाही, हे मी आजही तितक्याच आग्रहाने सांगेन.

पुढची चूक पावसाळ्यात झाली. कच्च्या विटा फुगेनाशा झाल्या, तेव्हा वाटले की वाळवून थेट रचाईला न्याव्यात. इंधन वाचावे म्हणून दीडशे अंशांवर वाळवलेल्या दोनशे विटा टनेल भट्टीत जागा होईपर्यंत अंगणात ताडपत्रीखाली ठेवल्या. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ताडपत्री उचलली, तर विटांना घाम फुटला होता. बोट लावले की चिकट लागत होते आणि खालच्या थरातल्या विटा एकमेकींना घट्ट धरून बसल्या होत्या. कमी तापमानावर राहिलेले फॉस्फेट हवेतला ओलावा ओढून घेते. साडेतीनशे अंशांच्या पुढे गेल्याशिवाय त्याची ही तहान जात नाही. त्यानंतर वाळवणी आणि कडक करणे या दोन वेगळ्या पायऱ्या झाल्या, आणि प्रत्येक वीट पाचशे अंशांपर्यंत नेल्याशिवाय शेडबाहेर आली नाही.

आता कायनाइटविषयी, ज्याच्यावर माझा विशेष जीव आहे. भंडारा जिल्ह्यात कायनाइट आणि सिलिमनाइट यांचे साठे आहेत; म्हणजे आमच्या विटेची ही मात्रा आमच्या घराजवळच्याच जमिनीत होती. निळसर-करड्या, पात्यांसारख्या लांबट स्फटिकांचा हा खनिज हातात घेऊन चाकूने ओरखडून पाहावा. पात्याच्या लांबीच्या दिशेने ओरखडा उठतो. त्याच पात्यावर आडवा चाकू फिरवला तर उठत नाही. एकाच स्फटिकाच्या दोन दिशांना दोन कठीणता असणे हे त्याचे वैशिष्ट्य. आमच्या कामाचा गुण मात्र त्याच्या तापण्यात आहे. कायनाइट, अँडालुसाइट आणि सिलिमनाइट या तिघांचे रासायनिक सूत्र एकच आहे, पण कायनाइट सर्वांत दाट आहे. सुमारे 1300 अंशांच्या पुढे त्याचे मुलाइट (अ‍ॅल्युमिना व सिलिका यांचे संयुग) आणि सिलिका यांत रूपांतर होऊ लागते, तेव्हा तो सोळा ते अठरा टक्क्यांनी फुगतो. भाजताना बाकीचे पीठ आखडत असते. दोन्हींची सांगड जमली तर वीट ना आखडते ना फुगते, आणि पिठात मुलाइटच्या सुयांची जाळी विणली जाते. मुलाइटमध्ये सुमारे 72 टक्के अ‍ॅल्युमिना असतो आणि तो गरम असताना सहजासहजी सरकत नाही. ही जाळी म्हणजे पिठातले हाडच.

सांगड पहिल्याच फेरीत जमली नाही. कायनाइट मी जरा जाडसर ठेवला आणि शेकडा बारा भाग घातला. 1420 अंशांवर भाजून आलेल्या विटा मोजल्या तर 230 मिलिमीटरची लांबी 234 झाली होती, आणि पृष्ठभागावर जिथे जिथे मोठा दाणा होता तिथे फोड आल्यासारखे खड्डे पडले होते. जाड दाणा जोराने आणि उशिरा फुगतो. बारीक दाणा आधी आणि सौम्यपणे. मग तोच कायनाइट मैद्याइतका बारीक दळून घेतला, प्रमाण सातवर आणले, आणि पाच निरनिराळ्या बॅचनंतर लांबी 230.5 वर स्थिर झाली.

गिलाव्यासारखा चिकटणारा लोहाचा मळ विटेत शिरू नये म्हणून क्रोम ऑक्साइड घालावे, असा सल्ला दोन-तीन जाणकारांनी दिला होता, आणि त्याचा गुण मी नाकारत नाही. पण अल्कली आणि भरपूर हवा असलेल्या भट्टीत त्रिसंयुजी क्रोमचे षट्संयुजी क्रोम बनते, जे पाण्यात विरघळते आणि कर्करोगाला कारण होते. तोडलेल्या विटांचा राडा शेवटी कुठल्यातरी नाल्याकाठी पडतो, आणि तोडणारा कामगार तोंडाला फडकेसुद्धा बांधत नाही. मी ते घातले नाही. फॉस्फेटमुळे छिद्रे बारीक झाली होती आणि विटेच्या अंगी मळ धरण्याची ओढ कमी झाली होती. तेवढ्यावर मी समाधान मानले.

सप्टेंबरात अंतिम कृतीच्या विटांतून सहा दंडगोल कापले. भाराखालच्या चाचणीची भट्टी 1400 च्या पुढे गेली तेव्हा मी आणि प्रयोगशाळेतला मुलगा दोघेही मोजपट्टीच्या काट्यावर नजर लावून बसलो होतो. 1410 गेले. 1450 ला काटा हलला नाही. पहिला दंडगोल 1490 ला खचू लागला, आणि सहांपैकी एकही 1480 च्या खाली आला नाही. शंकूची चाचणीही केली. तिचा आकडा जुन्या विटेपेक्षा फारसा वेगळा निघाला नाही, आणि तो निघणारही नव्हता, कारण दाणे तेच होते. तोच मुलगा म्हणाला, "सर, म्हणजे पत्रकावर आपली वीट होती तशीच दिसणार?" त्या दिवसापासून आमच्या पत्रकावर भाराखालचा आकडा सर्वांत वर छापला जातो.

2018 च्या दिवाळीत जालन्याच्या त्याच भिंतीत नव्या विटा बसवल्या. मसाल्याबाबत मी आग्रह धरला: विटेत फॉस्फेट आणि सांध्यात सोडियम सिलिकेटचा मसाला, असे चालणार नाही, म्हणून मसालाही फॉस्फेटचाच पाठवला, आणि सांधा दोन मिलिमीटरपेक्षा जाड न ठेवण्यासाठी मिस्त्रीजवळ दोन दिवस उभा राहिलो. भट्टी पहिल्यांदा पेटवताना तापमान सावकाश चढवले.

वर्षभराने, 2019 च्या दिवाळीच्या सुट्टीत, मिलमधले बहुतेक कामगार गावी गेलेले असताना मी पुन्हा त्या थंड भट्टीत वाकून शिरलो. भिंतीला ओळंबा लावला. आत झुकली होती ती एका टोकाला सहा मिलिमीटर, बाकी सरळ. एक वीट काढून आणली आणि कापली. काळा थर पंधरा मिलिमीटरवर थांबला होता, आणि त्याच्या मागे दाण्यांमधले पीठ भिंगाखाली करडे, कोरडे आणि खडबडीत दिसत होते. देखभाल प्रमुखांनी छेदावरून अंगठा फिरवला आणि ती भिंत आणखी एक वर्ष तशीच ठेवायचे ठरवले.

छतातल्या लोंबत्या विटा मात्र अजून जुन्याच कृतीच्या आहेत आणि त्या खाली उतरत आहेत. तिथे वीट खालून तापते आणि वरून टांगलेली असते, म्हणजे भार दाबण्याचा नसून ओढण्याचा असतो, त्यामुळे हीच कृती तिथे जशीच्या तशी चालेल असे मी धरून चाललेलो नाही. चिकणमाती पाचावरून तीनवर आणलेल्या पहिल्या बारा विटा या आठवड्यात भट्टीतून निघतील.